शुगरची गोळी चालू आहे आणि डॉक्टरनी अँटिबायोटिक दिलंय: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे, अठरा वर्षं झाली काउंटरवर उभा राहतोय. शुगरचे पेशंट आता घरटी एक म्हणावेत इतके झालेत, आणि पावसाळा लागला की त्यातले निम्मे ताप, जुलाब, उन्हाळी (लघवीची जळजळ), जखम असलं काहीतरी घेऊन येतेत आणि अँटिबायोटिकची स्ट्रिप घेऊन जातेत. जे प्रश्न रोज विचारले जातेत ते एका जागी लिहून ठेवावेत असं लई दिवस मनात होतं. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळं हे वाचून स्वतःच्या मनानं डोस बदलू नका, पण डॉक्टरला काय विचारायचं आणि घरी कशावर लक्ष ठेवायचं ते यातून नक्की कळंल.

शुगरच्या गोळ्या आणि अँटिबायोटिक एकत्र चालतात का?

बहुतेक वेळा चालतात. सगळीच अँटिबायोटिक्स शुगरच्या औषधाशी भांडतेत असं नाही. भांडण मोजक्या जोड्यांमध्येच आहे, पण त्या जोड्या आपल्याकडं रोज विकल्या जातेत ही अडचण आहे. एका बाजूला ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिपिझाइड या गोळ्या. दुसऱ्या बाजूला सिप्रोफ्लॉक्सासिन, लेवोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, म्हणजे नावाच्या शेवटी 'फ्लॉक्सासिन' असलेली सगळी, शिवाय सेप्ट्रान म्हणून ओळखली जाणारी सल्फाची गोळी आणि क्लॅरिथ्रोमायसिन. या दोन बाजू एकत्र आल्या की शुगर धाडकन खाली येऊ शकते. टीबीचं रिफाम्पिसिन याच्या बरोबर उलटं, त्यानं शुगर वाढते, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

माझी गोळी कुठली हे मला कसं कळायचं? मी तर फक्त 'शुगरची गोळी' म्हणतो.

स्ट्रिप उलटी करा आणि बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा, नाहीतर नातवाकडून वाचून घ्या. वर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीचं नाव, ते सोडून द्या. ग्लिमेपिराइड बहुतेक वेळा एकटी येत नाही, मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत असते आणि नावापुढं जी१, जी२, जीपी२ असं लिहिलेलं असतं. तो आकडा बहुधा ग्लिमेपिराइड किती मिलिग्रॅम आहे ते सांगतो. कधीकधी तिसरं औषध व्होग्लिबोज किंवा पायोग्लिटाझोन पण त्यातच असतं, म्हणजे पेशंट म्हणतो मला एकच गोळी आहे आणि त्या एका गोळीत तीन औषधं निघतेत. नुसती मेटफॉर्मिन असेल, किंवा सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन असेल तर शुगर एकदम खाली जायची भीती बरीच कमी. ग्लिमेपिराइड आणि तिच्या बहिणी असतील किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र पुढचं सगळं नीट वाचा.

अँटिबायोटिक तर जंतू मारायला असतंय, त्यानं शुगर कशी काय खाली जाते?

इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीवर पोटॅशियमचं एक बारीक दार असतं. ते दार बंद झालं की पेशी इन्सुलिन बाहेर सोडते. ग्लिमेपिराइड हेच काम करते, दार बंद करते, आणि तुम्ही जेवलात का नाही हे बघत नाही. फ्लॉक्सासिन घराण्यातली औषधं पण हेच दार दाबतेत. म्हणजे एका दारावर दोघं जण जोर लावतेत, इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं. सेप्ट्रान आणि क्लॅरिथ्रोमायसिनचा मार्ग वेगळा. सेप्ट्रानमधलं सल्फा लिव्हरमधल्या ज्या यंत्रणेतून ग्लिमेपिराइडचा निचरा होतो तीच अडवतं, मग रोजचीच एक गोळी अंगात दीड-दोन गोळ्यांसारखी वागते. किडनी कमजोर असेल तर अजून वाईट, कारण अँटिबायोटिक पण साचतं आणि शुगरची गोळी पण.

हे पुस्तकातलं झालं. मला हे कळलं ते माझ्या मावशीमुळं. मावशी तेव्हा चौसष्ट वर्षांची, घरात पुतणीचं लग्न, चार दिवस धावपळ, पाणी कमी, जेवायची वेळ नाही, आणि लघवीला जळजळ सुरू झाली. ओळखीच्या एका डॉक्टरनी सिप्रो ५०० लिहून दिली, सकाळ-संध्याकाळ. तिला ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅमची गोळी चालू होती पण ना तिनं सांगितलं ना कुणी विचारलं. दुसऱ्या दिवशी रात्री गोळ्या सगळ्या घेतल्या आणि जेवण म्हणजे अर्धी भाकरी आणि ताक. पहाटे चारला लुगडं घामानं भिजलेलं, डोळे उघडे पण ओळख नाही, तोंडानं असंबद्ध बोलणं. घरच्यांना वाटलं लग्नघरात काहीतरी बाहेरचं झालं, लिंबू उतरवून टाकलं, अंगारा लावला, त्यात अर्धा तास गेला. शेजारच्या पोराकडं ग्लुकोमीटर होतं म्हणून कळलं, शुगर ३८. तालुक्याला नेऊन शिरेतून ग्लुकोज दिलं, मावशी उठून बसली, सगळ्यांना वाटलं संपलं, आणि तीन तासांनी परत ५२. दीड दिवस ठेवून घेतलं तिला. ती सिप्रोची स्ट्रिप आमच्याच दुकानातून गेली होती. काउंटरवरच्या पोरानं शुगर आहे का म्हणून विचारलं नव्हतं, आणि विचारायचं असतं हे मी त्याला शिकवलेलं नव्हतं. आता काउंटरच्या काचेवर पुठ्ठा लावलाय, 'शुगर आहे का? आधी सांगा', आणि पोरगं आता न चुकता विचारतं.

हे फक्त भारतात बोलतेत की जगात पण मान्य आहे?

मान्य आहे. याच घराण्यातलं गॅटिफ्लॉक्सासिन नावाचं औषध शुगर इतकी वरखाली करायचं की अमेरिकेत कंपनीनं ते २००६ मध्ये बाजारातून काढलं आणि आपल्या सरकारनं मार्च २०११ मध्ये पोटात घ्यायच्या गॅटिफ्लॉक्सासिनवर बंदी घातली. बाकीच्या भावंडांबद्दल जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं इशारा अजून कडक केला की यांच्यामुळं शुगर कमी होऊन माणूस कोमात जाऊ शकतो, विशेषतः म्हातारी माणसं आणि शुगरच्या गोळ्या घेणारे. आपल्याकडं सिप्रो म्हटलं की आजही लोकांना साधी गोळी वाटते.

जुलाब लागलेत, नेहमीसारखी 'ओझेड' देऊन टाका ना?

हा प्रश्न नाही, ही ऑर्डर असते, आणि दिवसातून चार-पाच वेळा येते. ओझेड म्हणजे ओफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल. म्हणजे फ्लॉक्सासिन आलंच त्यात. आता बघा काय होतंय: जुलाब लागलेत म्हणून माणूस जेवत नाही, अंगातलं पाणी कमी झालंय म्हणून किडनीवर ताण, शुगरची गोळी मात्र 'ती तर रोजची आहे' म्हणून चालूच, आणि वरून ओफ्लॉक्सासिन. शुगर खाली जायची चारही कारणं एका दिवसात गोळा झाली. शिवाय बहुतेक जुलाब अँटिबायोटिकशिवाय दोन-तीन दिवसांत थांबतेत, लागतं ते पाणी आणि ओआरएस.

आणि ओआरएसला शुगरवाल्यांनी घाबरू नका. सरकारी दवाखान्यात मिळते ती पुडी एक लिटर पाण्यात टाकायची असते आणि त्यात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे साधारण तीन चमचे साखरेएवढं, ते पण दिवसभरात थोडं थोडं पोटात जाणार. दुकानात खोक्यातली गोड, चवीची पेयं मिळतेत ती ओआरएसची जागा घेत नाहीत, ती नको. शौचातून रक्त पडत असेल, ताप जास्त असेल, उलटी थांबत नसेल तर मग दवाखाना गाठा, तिथं डॉक्टरला अँटिबायोटिक लागंल असं वाटलं तर शुगरची गोळी बघून ते देतील.

अजून एक, मेटफॉर्मिन नवीन सुरू केली किंवा डोस वाढवला की त्यानंच पोट बिघडतं. कित्येक जण महिनाभर त्याला इन्फेक्शन समजून गोळ्या खातेत. गोळी बदलल्यापासून जुलाब सुरू झाले असतील तर ते डॉक्टरला सांगा.

उन्हाळी लागलीय, लघवीला जळजळ होते. कोणतं अँटिबायोटिक चालतं?

नाव मी सांगणार नाही, लघवी तपासून डॉक्टर ठरवतील. शुगर असलेल्याची लघवी कल्चरला, म्हणजे कुठला जंतू आहे आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं ते बघायच्या तपासणीला, पाठवणं चांगलं, कारण सिप्रोला दाद न देणारे जंतू आता सर्रास झालेत. पण दोन गोष्टी सांगतो. सेप्ट्रान लिहून दिली असेल आणि तुम्हाला ग्लिमेपिराइड चालू असेल तर डॉक्टरला एक फोन करा, आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रॅमिप्रिल चालू असेल तर तेही सांगा, कारण सेप्ट्राननं रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि या बीपीच्या गोळ्यांनी पण वाढतं, दोन्ही मिळून हृदयाला धोका.

दुसरी गोष्ट डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांची. या शुगर लघवीतून बाहेर काढतेत. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं, गोळी स्वस्त झाली, आता खेड्यापाड्यात पण चालते. गोळी चांगली आहे, हृदयाला आणि किडनीला तिचा फायदा आहे. पण लघवी गोड झाली की जननेंद्रियाच्या जागी बुरशी वाढते, खाज, पांढरं जाणं, लालसरपणा. बाया लाजेनं सांगत नाहीत, उन्हाळी लागली म्हणून अँटिबायोटिक नेतेत, आणि अँटिबायोटिकनं बुरशी अजून वाढते. खाज जास्त आणि जळजळ कमी असेल तर हे बुरशीचं असू शकतं, डॉक्टरीणबाईला स्पष्ट सांगा, यात लाजायचं काही नाही.

अझिथ्रोमायसिन, ऑगमेंटिन, सेफिक्झिम, डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन)?

ही शुगरच्या गोळ्यांशी सहसा भांडत नाहीत. अमॉक्सिसिलिन, ऑगमेंटिन, सेफिक्झिम, अझिथ्रो नेहमी दिली जातेत आणि साधारण बिनधोक असतेत. डॉक्सीनं शुगर कमी झाल्याच्या तुरळक नोंदी आहेत, इन्सुलिनवाल्यांनी तेवढं लक्षात ठेवावं. ऑगमेंटिननं पोट बिघडलं आणि जेवण सुटलं तर ग्लिमेपिराइडचा तोच जुना प्रश्न उभा राहतो, पण तो न जेवल्यामुळं.

अझिथ्रो चालतं मग क्लॅरिथ्रो का नाही? दोन्ही एकाच जातीचे म्हणतेत.

जात एक पण स्वभाव वेगळा. क्लॅरिथ्रोमायसिन लिव्हरमधली औषधाचा निचरा करणारी यंत्रणा अडवतं, अझिथ्रो जवळपास अडवत नाही. पोटातल्या अल्सरच्या जंतूसाठी चौदा दिवसांचा जो कोर्स देतेत त्यात क्लॅरिथ्रो असतं, आणि चौदा दिवस हा मोठा काळ आहे. ग्लिमेपिराइड किंवा रिपॅग्लिनाइड (ही पण इन्सुलिन सोडायला लावणारी शुगरची गोळी) चालू असेल तर कोर्स सुरू करायच्या आधीच शुगरच्या डॉक्टरला विचारा.

गजकर्णाच्या गोळ्या चालतात का?

अँटिबायोटिक नाही ती, बुरशीची गोळी आहे, पण प्रश्न एवढ्या वेळा येतो की लिहायलाच पाहिजे. आमच्याकडं घाम, उकाडा आणि घट्ट जीन्स यामुळं गजकर्णाचा सुळसुळाट आहे आणि फ्लुकोनाझोल लोक शेंगदाण्यासारखी खातेत. फ्लुकोनाझोल नेमकी तीच यंत्रणा अडवते जिच्यातून ग्लिमेपिराइडचा निचरा होतो, सेप्ट्रानपेक्षा जोरात. आठवड्याला एक गोळी असली तरी तिचा असर दोन-चार दिवस अंगात राहतो. तोंड आल्यावर लावायची मायकोनाझोलची जेल पण यातच येते, ती तोंडातून पोटात जातेच. त्वचेवर लावायचं साधं मलम मात्र चालतं, आणि डोळ्यात टाकायच्या अँटिबायोटिक थेंबांची पण काळजी करू नका.

घरात टीबीचा पेशंट आहे, त्याला शुगर पण आहे. शुगर काही केल्या खाली येत नाही.

याला दोन कारणं. एक म्हणजे टीबी स्वतःच शुगर वाढवतो, कुठलंही मोठं इन्फेक्शन वाढवतंच. दुसरं म्हणजे रिफाम्पिसिन, ज्यानं लघवी नारिंगी होते ते औषध. सेप्ट्रान, फ्लुकोनाझोल जी यंत्रणा अडवतेत, रिफाम्पिसिन तिलाच पळवतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, रिपॅग्लिनाइड, पायोग्लिटाझोन, लिनाग्लिप्टिन, सगळी लवकर लवकर बाहेर फेकली जातेत. पेशंट म्हणतो मी तर रोज गोळी घेतो, घरचे म्हणतेत हा गोड खात असंल, आणि बिचाऱ्याचा काही दोष नसतो. मेटफॉर्मिनचा निचरा लिव्हरमधून होत नाही, ती किडनीवाटे जशीच्या तशी जाते, म्हणून तिला याचा तितका फटका नाही. शुगर फार वाढलेली असेल तर डॉक्टर टीबीच्या काळापुरतं इन्सुलिन सुरू करतेत. त्याला नाही म्हणू नका. 'एकदा इन्सुलिन लागलं की कायमचं' ही भीती घेऊन लोक टाळाटाळ करतेत, आणि शुगर वाढलेली असेल तर टीबी पण लवकर हटत नाही, परत उलटायची शक्यता वाढते.

टीबीचा साधा कोर्स सहा महिन्यांचा, पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. आता हे नीट ऐका, कारण हे कुणी सांगत नाही: कोर्स संपला आणि रिफाम्पिसिन थांबलं की साधारण दोन आठवड्यांत लिव्हरचा तो वेग ओसरतो. सहा महिने वाढवत नेलेली शुगरची गोळी आता एकदम जड पडते. टीबी बरा झाला म्हणून पेढे वाटायच्या आठवड्यात पेशंटला घाम फुटून चक्कर येते. म्हणून टीबीची शेवटची गोळी घ्यायच्या आधी शुगरच्या डॉक्टरची तारीख घेऊन ठेवा आणि पुढचा महिनाभर शुगर जास्त वेळा तपासा.

टीबीतलं दुसरं औषध आयसोनियाझिड, त्यानं हातापायाला मुंग्या येतेत. शुगरनं पण येतेत. दोन्ही एकत्र असल्यावर बी-६ ची गोळी सोबत असायला हवी, चिठ्ठीवर नसेल तर विचारा. आणि सरकारकडून पोषणासाठी महिन्याला १००० रुपये बँकेत येतेत, नोव्हेंबर २०२४ पासून ५०० चे १००० झाले, ते येत नसतील तर टीबीच्या सुपरवायझरला धरा. त्या पैशाची अंडी, डाळ, शेंगदाणे घ्या, बिस्किटाचे पुडे नकोत.

मी इन्सुलिनवर आहे. मला हे लागू आहे का?

आहे. लेवोफ्लॉक्सासिननं इन्सुलिनवाल्यांची शुगर पण पडते. पण तुमच्यासाठी मोठी गोष्ट वेगळी आहे. ताप आला, पायाची जखम चिघळली की शुगर वाढते, डॉक्टर इन्सुलिनचे युनिट वाढवून देतेत. मग अँटिबायोटिक लागू पडतं, ताप उतरतो, आणि शरीराची इन्सुलिनची गरज परत कमी होते. युनिट मात्र वाढवलेलेच चालू राहतेत. चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस 'आता बरं वाटतंय' म्हणतो, नेमकी तेव्हा शुगर पडते. बरं वाटायला लागलं की डोस परत विचारा. आणि जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही, लहानपणापासून शुगर असलेल्या पोरांनी तर मुळीच नाही, किती कमी करायचं ते फोनवर विचारा.

माझी तर अँटिबायोटिक सुरू केल्यावर शुगर वाढली. ३०० च्या वर गेली.

बहुतेक वेळा तो इन्फेक्शनचाच असर असतो. पण चिठ्ठीत अजून काय आहे ते बघा. खोकल्याला, अंगदुखीला, अंगावर पित्त उठलं तर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन दिलेलं असतं. हे स्टिरॉइड आहे, दोन-तीन डोसमध्ये शुगर दीडशेची तीनशे करतं, विशेष करून दुपारनंतर. खेड्यात कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या बांधून देतेत, त्यात कुठली गोळी आहे ते कुणालाच कळत नाही, म्हणून सुट्या गोळ्या घेऊच नका, स्ट्रिप मागा. आणि अशक्तपणा आला की सलाईन लावा हा आग्रह सोडा. डी-५ म्हणजे ग्लुकोजचं सलाईन, त्याची अर्धा लिटरची बाटली म्हणजे पंचवीस ग्रॅम ग्लुकोज थेट शिरेत. सलाईन लावायच्या आधी शुगर आहे एवढं तरी सांगा. फ्लॉक्सासिनवाली औषधं पण काहींची शुगर खाली नेतेत तर काहींची वर, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही.

आजारपणात मेटफॉर्मिन बंद करायची का?

साधा ताप-खोकला, जेवण चालू: बंद करायची नाही. उलट्या-जुलाब, पाणी पण पोटात टिकत नाही: डॉक्टरला फोन करा, ते बहुतेक एक-दोन दिवस थांबवायला सांगतील, कारण अंगातलं पाणी आटलं की किडनी मंदावते, मेटफॉर्मिन साचते आणि रक्तात आम्ल वाढू शकतं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन पण अशा वेळी थांबवतेत. त्यांचा एक फसवा धोका आहे, शुगर दीडशे-दोनशेच दिसते आणि आतून कीटोन (रक्त आम्लारी करणारे पदार्थ) वाढून पेशंट गंभीर होतो. पोटात दुखणं, सतत मळमळ, दम लागणं असेल तर मीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका, दवाखान्यात जा. खाणंपिणं सुरळीत झालं की गोळ्या परत सुरू करायच्या असतेत, तेही विसरू नका.

शुगर पडली हे कसं ओळखायचं आणि काय करायचं?

दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, एकदम भूक, डोळ्यापुढं अंधारी, चिडचिड, बोलणं अडखळणं. म्हाताऱ्या माणसात नुसतं गप्प बसणं किंवा भलतंच बोलणं. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉलसारखी गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर कळत नाही, घाम मात्र येतो.

मीटरवर ७० च्या खाली असेल, किंवा मीटर नाही पण लक्षणं आहेत, तर थांबायचं नाही. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा, ७० च्या वर नसेल तर परत तेवढंच द्या. वर आली की भाकरी, पोळी, दूध असं काहीतरी पोटभरीचं द्या. पेढा-बर्फी नको, तुपामुळं साखर उशिरा लागते.

एक खास गोष्ट. तुमच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकारबोज असेल तर घरातली साखर लवकर लागत नाही, कारण ही औषधं साखर आतड्यात फुटूच देत नाहीत. तुम्हाला ग्लुकोज पावडरच पाहिजे. तिची एक छोटी डबी देवळीत नाहीतर उशाला ठेवा, घरच्यांना दाखवून ठेवा.

बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, साखर नाही, पाणी नाही, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन. आणि ग्लिमेपिराइडनं शुगर पडली असेल तर एकदा वर आली म्हणून घरी परत आणू नका. मावशीसारखं तीन तासांनी परत पडते, चोवीस तास आणि कधी त्याहून जास्त लक्ष ठेवावं लागतं.

अँटिबायोटिक चालू असताना किती वेळा तपासायची?

वर सांगितलेल्या जोड्या असतील तर पहिले तीन-चार दिवस सकाळी उपाशीपोटी, दोन्ही जेवणांआधी आणि झोपताना. झोपताना शंभरच्या आत असेल तर काहीतरी खाऊन झोपा आणि पहाटे तीनला एकदा बघा. बोट साबणानं धुऊन कोरडं करून मग टोचा, आंबा नाहीतर गूळ खाल्लेल्या हातानं तपासलं तर आकडा खोटाच वाढलेला येतो.

नवरात्राचे नऊ दिवस उपवास आहेत / रोजे आहेत, आणि अँटिबायोटिक सुरू झालंय.

तुळजापूरची देवी आमचं कुलदैवत, नऊ दिवस पाण्यावर राहणाऱ्या बाया मी घरातच बघितल्यात, त्यामुळं श्रद्धेबद्दल मला काही सांगायची गरज नाही. पण ग्लिमेपिराइड, फ्लॉक्सासिन आणि उपास हे तीन एकत्र येऊ द्यायचे नाहीत. तिन्हीतलं एक तरी बाजूला काढायचं, आणि आजारी असताना बाजूला काढायचा तो उपास. रमजानमध्ये आजारी माणसाला रोजा पुढं धरायची सवलत आहे, मौलानांना विचारा, ते पण हेच सांगतील.

शुगर पडते म्हणून मग अँटिबायोटिकच मध्ये सोडून देऊ का?

स्वतःहून नाही. ज्या डॉक्टरनी दिलंय त्यांना सांगा, ते दुसरं देतील किंवा शुगरची गोळी तात्पुरती कमी करतील. पायाच्या जखमेचं अँटिबायोटिक अर्धवट सोडून बोट गमावलेली माणसं आमच्या गावात आहेत. आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी ठेवू नका, शेजाऱ्याला देऊ नका. स्ट्रिपवर लाल उभी रेघ असते ती याचसाठी, चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही म्हणून. टीबीची औषधं आणि कितीतरी मोठी अँटिबायोटिक्स १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन मध्ये आहेत, पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव आम्हाला वहीत लिहावं लागतं. मी चिठ्ठी मागितली की लोकांना राग येतो, ओळख असून मागता म्हणतेत. ओळख आहे म्हणूनच मागतो.

सिप्रो, लेवो घेताना पायाला काही होतं का?

टाचेच्या मागची शीर (रक्ताची नाही, पोटरीच्या स्नायूला टाचेशी बांधणारी जाड दोरी) दुखायला किंवा सुजायला लागली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरला फोन करा. साठीच्या पुढं आणि सोबत स्टिरॉइड असेल तर ती तुटू पण शकते. पायाला आधीच मुंग्या-बधिरपणा असेल तर हे घराणं तो वाढवू शकतं, हेही आधीच सांगा.

दूध, दही, कॅल्शियमची गोळी?

सिप्रो आणि डॉक्सीसोबत नको, औषध अंगी लागत नाही. दोन तास आधी गोळी घ्या, दूध आणि कॅल्शियम-लोहाची गोळी नंतर.

कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पावडर चालू आहे, ते सांगायचं का?

सांगायचं. कारल्यानं शुगर थोडी कमी होते, त्याची भर पडते. आणि शुगर 'मुळापासून' घालवणाऱ्या बिनालेबलच्या पुड्या विकतेत ना बाजारात, असल्या पुड्यांत ग्लिबेनक्लामाइडसारखी अ‍ॅलोपॅथीची गोळी कुटून मिसळलेली अनेकदा सापडलेली आहे. ती पुडी खात असाल तर तुम्ही नकळत ग्लिमेपिराइडच्याच घराण्यातलं औषध घेताय, आणि वरचं सगळं तुम्हाला लागू आहे.

डॉक्टरकडं जाताना नेमकं काय न्यायचं?

चालू असलेल्या सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत, रिकाम्या झालेल्या पण चालतील. कापलेली स्ट्रिप नको, नाव गेलेलं असतं. सोबत शेवटचा क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) रिपोर्ट आणि मीटरवरचे शेवटचे चार आकडे कागदावर. मावशी आता ही पिशवी देवघराच्या खुंटीला अडकवून ठेवते आणि दाताच्या डॉक्टरकडं जाताना सुद्धा घेऊन जाते.